अफरवटचे हिमउतार

एडवणच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें, तर सारी वाळू एकसारखीच दिसते. चालूं लागल्यावर मात्र कोठें ती घट्ट लागते, तर कोठें पाय घोट्यापर्यंत रुततो. बर्फाच्या डोंगराचेंहि असेंच आहे.

काश्मीरांतील गुलमर्ग पाहा. येथें १९२७ सालीं ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं स्की क्लब स्थापन केला. तेथील पठार सुमारें २,६५० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनहि हजार मीटर वर. पायांस स्कीच्या लांब पट्ट्या बांधून नवशिक्यानें पडावें, उठावें व पुन्हां पडावें, तें या सौम्य उतारांवर. तेथून कोंगदोरीपर्यंत तारेवरचा पाळणा १९९८ सालीं सुरू झाला. २००५ सालीं दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारें ३,९५० मीटरांवर, पोंचला.

खालच्या सूचिपर्णी रानांत वारा फारसा शिरत नाहीं. म्हणून बर्फ पिंजलेल्या कापसासारखें मऊ राहतें. पण झाडांमधून वळण घेतां आलें पाहिजे, आणि बुंध्याभोंवतीं बर्फाखालीं दडलेले खड्डेहि ओळखतां आले पाहिजेत. कोंगदोरीच्या वर झाडें विरळ होत संपतात व द्रोणासारखा उघडा उतार लागतो. उत्तरेच्या सावलींत बर्फ कोरडें राहतें. उन्हाच्या बाजूस दुपारीं तें ओलें होऊन रात्रीं त्याची कांच बनते.

खरा धोका उघड्या उतारावरच असतो. वारा एका बाजूचें बर्फ उडवून दुसऱ्या बाजूस त्याचे थर रचतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर खालचा थर कच्चा असला, कीं एका माणसाच्या भारानेंहि वरची सबंध लादी निसटते, हाच हिमलोट. दिसावयास तो उतार अगदीं गुळगुळीत व मोहक असतो! १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवटवर अशाच लोटांत दोन पोलिश स्कीपटू मृत्यु पावले.

गस्तीचें पथक मुख्य द्रोणाची तपासणी करतें. त्यापलीकडच्या घळींत प्रत्येकजण स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो. भारी हिमवर्षावानंतर वरचा टप्पा बंद ठेवतात, तेव्हां दूरदूरून आलेले हौशी लोक कुरकुरतात. त्यांनीं तो दिवस कोंगदोरीच्या रानांत घालवावा. तेथील बर्फहि त्याच ढगांतून पडलेलें असतें.