केस सरळ करायला गेले अन् टाळू भाजली. घरच्या स्ट्रेटनिंगनंतर आता काय करायचे?

बहिणीचे लग्न आठ दिवसांवर आलेले असते. पार्लरचा खर्च ऐकून घरात नाके मुरडली जातात. मग मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडीओ दिसतो, ऑनलाइन एक डबा मागवला जातो किंवा ओळखीच्या दुकानातून सुटी क्रीम आणली जाते. वीस मिनिटांनी डोके चुरचुरू लागते. ‘थोडे सोसले तर केस जास्त सरळ होतील’ म्हणून आणखी दहा मिनिटे काढली जातात. धुताना हातात केसांचा पुंजका येतो आणि कानामागे फोड दिसतात.

परळी वैजनाथसारख्या गावात ही गोष्ट बहुतेकदा घराबाहेर जात नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ओढणी डोक्यावर घेतली जाते, भाजलेल्या जागी हळद किंवा तेल लावले जाते आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो. नुकसान वाढते ते या उशिरामुळे. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात, पहिल्या आठवड्यात आणि पुढच्या वर्षभरात काय करायचे, ते समजून घेऊ.

क्रीममध्ये असते तरी काय?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्यांना गंधकाचे बंध एकमेकांशी बांधून ठेवतात. केस कुरळा राहतो तो मुख्यतः या बंधांमुळे. केस कायमचे सरळ करणारी रसायने हे बंध तोडतात.

त्यात प्रामुख्याने दोन प्रकार आहेत. पार्लरमधील रिबॉन्डिंगच्या क्रीममध्ये साधारणपणे थायोग्लायकोलेट असते. ते बंध सोडवते, इस्त्रीने केस सरळ केले जातात आणि नंतर न्यूट्रलायझर लावून बंध पुन्हा जोडले जातात. दुसरा प्रकार ‘रिलॅक्सर’. तो मूळचा आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी तयार झाला. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा असतो. ‘नो लाय’ असे लिहिलेल्या डब्यात कॉस्टिक सोडा नसला, तरी बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते. हा आपल्या ओळखीचा चुना. पानात चुना जास्त झाला की तोंड भाजते, हे कुणाला सांगायला नको. तोच चुना दुसऱ्या रसायनात मिसळून अर्धा तास डोक्यावर ठेवला, तर टाळूचे काय होईल, याचा अंदाज त्यावरून येतो.

शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. रिलॅक्सरचा १२ ते १४ पर्यंत जातो. पीएच एका अंकाने वाढला की क्षाराची तीव्रता दहापट होते. आम्लाने भाजले की त्वचेवर कडक थर तयार होतो आणि आम्ल फार खोल जात नाही. क्षार मात्र त्वचा विरघळवत आत उतरत राहतो. म्हणून सुरुवातीला नुसती चुरचुर वाटते आणि खरी जखम काही तासांनी दिसते.

घरी करताना नेमके कुठे चुकते?

चुका बहुतेक त्याच त्या असतात. डब्यावरच्या वेळेपेक्षा क्रीम जास्त ठेवली जाते. आधी मेंदी, काळा कलर किंवा स्ट्रेटनिंग झालेल्या केसांवर पुन्हा क्रीम लावली जाते. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी डोके खाजवलेले, घासून धुतलेले असते. त्या बारीक ओरखड्यांतून रसायन आत जाते. न्यूट्रलायझर लावायचा राहून जातो.

सर्वांत महागात पडते ते दोन प्रकारांची सरमिसळ. थायोग्लायकोलेटने रिबॉन्डिंग केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइडची क्रीम लावली, तर केस मुळाजवळून तुटू शकतात. ‘मागच्या वर्षी पार्लरमध्ये केले होते, यंदा घरी करते’ असे म्हणणाऱ्यांनी दोन्ही वेळचे रसायन एकच आहे का, हे पाहिलेले नसते.

पहिला अर्धा तास: काय करायचे?

चुरचुर सुरू झाली की घड्याळ पाहत बसू नका. क्रीम ताबडतोब धुवा. नळाच्या किंवा तांब्याने ओतलेल्या साध्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे डोके ठेवा. पाणी गरम नको आणि बर्फही नको. डोके मागे झुकवा, म्हणजे पाणी डोळ्यांत जाणार नाही. चोळू नका, नखे लावू नका. भरपूर पाण्याने धुऊन झाल्यावर डब्यासोबत आलेला न्यूट्रलायझिंग शाम्पू असेल तर तो सूचनेप्रमाणे वापरा. त्वचा सोलली असेल तर तोही चोळू नका.

लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नका. ‘क्षारावर आम्ल’ हा शाळेतला नियम टाळूवर चालवायचा नसतो. त्या प्रक्रियेतून उष्णता तयार होते आणि आधीच भाजलेल्या त्वचेला आणखी इजा होते. टूथपेस्ट, हळद, खोबरेल तेल, तूप, शाई यांतले काहीही लावू नका. तेलाच्या थराखाली रसायन अडकून राहते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही.

क्रीम डोळ्यात गेली असेल तर डोळा उघडा धरून २० मिनिटे पाणी सोडा, लेन्स असेल तर काढा आणि सरळ रुग्णालय गाठा. क्षार बुबुळाला कायमची इजा करू शकतो. घरातल्या लहान मुलाने क्रीम तोंडात घातली असेल तर उलटी काढू नका. तोंड पाण्याने पुसून घ्या आणि १०८ ला फोन करा.

डॉक्टरकडे कधी जायचे?

फोड आले, त्वचा पांढरी किंवा काळपट पडली, जखमेतून पाणी येऊ लागले, पिवळी खपली धरली, ताप आला, मानेला गाठी आल्या, तर त्याच दिवशी दाखवा. चेहरा किंवा पापण्या सुजल्या, श्वास घ्यायला त्रास झाला, तर एक मिनिटही थांबू नका. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी लहान जखमही दाखवावी.

परळीकरांना यासाठी फार लांब जावे लागत नाही. जेमतेम पंचवीस किलोमीटरवर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना क्रीमचा डबा, न्यूट्रलायझरची बाटली आणि सोबतची माहितीपत्रिका घेऊन जा. त्यात काय होते, हे कळले की उपचार लवकर ठरतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका. त्याने जंतुसंसर्ग झाकला जातो आणि वाढतो.

केसांची क्रीम किडनीपर्यंत पोहोचते?

काही उत्पादनांच्या बाबतीत हे घडले आहे. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्मूदनिंग आणि केराटिन क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक ॲसिड असते. इस्रायलमध्ये २०१९ ते २०२२ या काळात केस सरळ केल्यानंतर किडनीला अचानक इजा झालेल्या २६ महिलांची नोंद डॉक्टरांनी केली. त्यांतल्या तिघींना डायलिसिस करावे लागले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०२४ मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची हकिगत छापली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीवर परिणाम झाला. तिच्या क्रीममध्ये हेच ॲसिड होते.

म्हणून केस सरळ केल्यानंतरच्या काही तासांत किंवा दिवसांत उलट्या, पोटात-कमरेत दुखणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर ‘उन्हाने झाले असेल’ असे म्हणून सोडू नका. डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगा. क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी बरेच काही सांगून जाते.

वर्षानुवर्षे वारंवार वापराबद्दल अमेरिकेतील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३३ हजार ९४७ महिलांचा सुमारे ११ वर्षे मागोवा घेतल्यावर, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनर वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. यावरून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. एकदा क्रीम लावली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. सवय मात्र लावू नये.

पहिला आठवडा: हात आवरा

वरवर भाजलेली त्वचा साधारण एक ते दोन आठवड्यांत भरून येते. तोवर खपली काढू नका. डॉक्टरांनी सांगितले त्याच मलमाव्यतिरिक्त काही लावू नका. ड्रायर, इस्त्री, कलर, मेंदी, घट्ट वेणी, डोक्यावर घट्ट बांधलेला रुमाल हे सारे बंद. उन्हात जाताना सैल सुती ओढणी पुरे. उशीला मऊ, धुतलेला अभ्रा घाला.

केस तुटतात की मुळासकट गळतात?

हा फरक ओळखला की निम्मी धास्ती जाते. गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो मुळातून आला आहे. गाठ नसेल, टोक तुटके असेल आणि केस आखूड असतील, तर केस मधेच तुटला आहे. क्रीमने बहुधा दुसरा प्रकार घडतो. केसाचे मूळ त्वचेच्या आत काही मिलीमीटर खोल असते. ते शाबूत असेल तर नवा केस येतोच.

मुळाला धक्का बसला किंवा शरीराला मोठा ताण आला, तर दोन-तीन महिन्यांनी केस मुळासकट गळू शकतात. तेही बहुतेकदा भरून येतात. मात्र भाजलेल्या जागी त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसू लागली आणि छिद्रे दिसेनाशी झाली, तर तिथे व्रण झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. व्रण पक्का झाला की तिथे केस येत नाहीत.

सगळा दोष क्रीमलाच असतो असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये अनेक गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडले. आधी बोट शाम्पूकडे आणि पाण्याकडे गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातील जास्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. क्रीम न लावलेल्या भागातूनही केस मुळासकट जात असतील, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्यावे.

खराब झालेला केस दुरुस्त होतो का?

पूर्वीसारखा होत नाही. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जखमेसारखा तो भरून येत नाही. हायड्रॉक्साइडने तुटलेल्या बंधातून गंधकाचा एक अणूच निघून जातो, त्यामुळे तो बंध पूर्ववत जोडता येत नाही. ‘एका रात्रीत केस दुरुस्त’ म्हणणाऱ्या जाहिरातींचे सत्य एवढेच, की प्रोटीन मास्क केसातल्या भेगा तात्पुरत्या भरतो आणि कंडिशनर घर्षण कमी करतो. त्याचा उपयोग आहे, पण धुतला की परिणाम ओसरतो. प्रोटीनचा मारा जास्त झाला तर केस काडीसारखा कडक होऊन मोडतो.

ओला असताना केस रबरासारखा ताणला जात असेल आणि चिकट लागत असेल, तर तो भाग वाचत नाही. तो कापणेच बरे.

उरलेल्या केसांसाठी घरातलेच तेल कामाचे. मुंबईत मॅरिको कंपनीतील संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेल तेलाने केसातील प्रथिने कमी वाहून जातात, असे आढळले. सूर्यफूल तेलाने आणि मिनरल ऑइलने तसे झाले नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे लक्षात ठेवायला हवे. पण खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसात मुरते, हे कारण पटणारे आहे. जखम पूर्ण भरल्यानंतरच आणि टाळूऐवजी केसांना, धुण्याआधी तासभर तेल लावा.

बोअरच्या जड पाण्यातील क्षार खराब झालेल्या केसांवर लवकर बसतात आणि केस आणखी राठ होतात. शेवटचे दोन-तीन तांबे तरी साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या. सौम्य शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा, प्रत्येक वेळी कंडिशनर. केस अर्धवट वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकापासून वर विंचरत या.

पुन्हा पूर्वीसारखे केस कधी?

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. सहा महिन्यांत जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, वर्षात बारा ते पंधरा. खांद्यापर्यंत यायला दोन वर्षे लागू शकतात. या काळात नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथे जुळतात, ती जागा सर्वांत नाजूक असते. तिथेच तो तुटतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी खालचा भाग थोडा थोडा कापत राहणे किंवा एकदाच आखूड कट करणे, हे दोनच रस्ते आहेत.

कोणतेही औषध हा वेग फारसा वाढवत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाज्या असे जेवण नीट असावे. बायोटिनच्या गोळ्या कमतरता नसताना उपयोगी पडत नाहीत. उलट थायरॉइडच्या तपासणीचे आकडे त्यामुळे चुकू शकतात.

लग्न तोंडावर असेल तर सैल अंबाडा, गजरा, पदर यांनी वेळ निभावते. डिंकाने चिकटवायची केसांची वेफ्ट भाजलेल्या टाळूवर लावू नका.

तक्रार कुठे करायची?

डबा, बिल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि जखमेचे तारखेसह फोटो जपून ठेवा. सौंदर्यप्रसाधनाच्या डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली असावी लागते. परदेशी मालावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नावही. हे नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. भरपाईसाठी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते.

पुढच्या वेळी हे लक्षात ठेवा

- टाळूवर जखम, फोड, कोंड्याची खाज असताना कोणतीही क्रीम नको.
- कानामागे थोडी लावून ४८ तास थांबा. एका बटेवर आधी करून पाहा.
- आधी कोणते रसायन वापरले, हे माहीत नसेल तर दुसरे लावू नका.
- नाव-पत्ता नसलेली सुटी क्रीम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.
- चुरचुर हा ‘क्रीम काम करतेय’ याचा पुरावा नाही; धुऊन टाकण्याची ती सूचना आहे.
- घरात मुलीचे केस असे खराब झाले असतील, तर आधी रागावू नका. आधी डोके धुवा आणि मग डॉक्टरकडे न्या.