घाटाचा चढ की महामार्गाचा धोका? बुलढाण्यातील सायकलप्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाणा जिल्ह्यात सायकलीने फिरण्याचा विषय निघाला की एक सल्ला हटकून दिला जातो : जिल्हा डोंगराळ आहे, घाटात सायकल चढवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही, तेव्हा फिरायचेच असेल तर सपाट आणि रुंद महामार्ग धरावा. हा सल्ला आपुलकीने दिला जात असला, तरी त्याचा पहिला भाग अतिशयोक्त आणि शेवटचा भाग धोकादायक आहे. चढाची अवास्तव भीती सायकलस्वाराला अवजड वाहनांच्या तोंडी नेऊन सोडते, आणि म्हणूनच या गैरसमजाचे निराकरण सविस्तर करणे आवश्यक आहे.

प्रथम भूरचना पाहावी. पूर्णा नदीचे खोरे आणि अजिंठ्याची डोंगररांग यांमुळे जिल्ह्याचे जे दोन भाग पडतात, त्यांना स्थानिक लोक ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ असे म्हणतात. वऱ्हाडच्या जुन्या लिखाणात त्यांनाच अनुक्रमे पायनघाट आणि बालाघाट अशी नावे आढळतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हा मुलूख घाटाखालचा असून त्याच्या उत्तर टोकाला सातपुडा उभा आहे, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हा मुलूख घाटावरचा आहे. मोताळा आणि खामगाव ही गावे या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या उत्तर पायथ्याच्या बाजूला येतात. खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण २५० ते ३०० मीटर आहे आणि बुलढाणा शहराची सुमारे ६५० मीटर. याचा अर्थ असा की, घाटाखालून घाटावर जाताना एकदाच मोठी चढण लागते. ती संपली की पुढे दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाचे लाटांसारखे उंचसखल पठार सुरू होते. पैनगंगा बुलढाण्याजवळच्या डोंगरांत उगम पावून मेहकरच्या दिशेने वाहते, यावरूनच पठाराचा सर्वसाधारण उतार त्या बाजूला आहे हे स्पष्ट होते. त्यामुळे ‘डोंगराळ जिल्हा म्हणजे अखंड चढ’ हे समीकरण येथे मुळातच लागू पडत नाही.

आता चढणीचे गणित. मलकापूर ते बुलढाणा हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आणि उंचीतील फरक साधारण ४०० मीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातील रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवते. तिच्या निकषांनुसार डोंगराळ प्रदेशातील रस्त्याचा सर्वसाधारण चढ ५ टक्क्यांपर्यंत आणि अधिक तीव्र उतारांच्या प्रदेशात ६ टक्क्यांपर्यंत असावा, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता फार तर ५ किंवा ६ मीटर वर जावा. उंचीतील हा सगळा फरक ६ टक्क्यांच्या एकाच सलग चढणीत आला असे मानले, तरी ती चढण ७ किलोमीटरांहून कमी भरते. प्रत्यक्षात यातील काही उंची खोऱ्यातील हलक्या चढावर न जाणवता मिळवलेली असते. त्याच निकषांत अतितीव्र वळणांवरचा चढ २.५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे नियमाने बांधलेल्या घाटात वळण ही दम घेण्याची जागा असते. गावांचे जोडरस्ते मात्र काही ठिकाणी याहून तीव्र असू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

‘पायांत ताकद नाही, म्हणून घाट चढत नाही’ हा याच गैरसमजाचा दुसरा अवतार आहे. सायकल, स्वार आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले आणि ६ टक्क्यांच्या चढावर ताशी ६ किलोमीटर वेगाने जायचे ठरवले, तर सुमारे १०० वॅट शक्ती लागते, आणि ही शक्ती निरोगी प्रौढ व्यक्ती थोड्या सरावाने तासभर देऊ शकते. घाटात सायकल अडते ती बहुतेकदा ताकदीअभावी नव्हे, तर गिअरअभावी. साध्या सायकलीला पुढे ४४ दातांचे आणि मागे १८ दातांचे दातेरी चाक असेल, तर पेडलच्या एका फेरीत ती सुमारे ५.४ मीटर पुढे जाते; ताशी ६ किलोमीटर वेगाला पेडल मिनिटाला जेमतेम १८ वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीला स्वाराला उभे राहून सगळे वजन पेडलवर टाकावे लागते. याउलट पुढे २८ आणि मागे ३४ दात असतील, तर त्याच वेगाला पेडल मिनिटाला ५५ वेळा सहज फिरते. शक्ती दोन्ही वेळा तेवढीच लागते, फक्त दुसऱ्या वेळी ती लहान लहान हप्त्यांनी द्यावी लागते. म्हणून ‘महागडी सायकल हवी’ हेही खरे नाही. मागे मोठे आणि पुढे लहान दातेरी चाक हवे, आणि ते मध्यम किमतीच्या गिअरच्या सायकलीलाही असते.

ऊर्जेचा हिशेब तर याहून सोपा आहे. ९० किलो वजन ४०० मीटर उचलण्यास सुमारे ३५३ किलोज्यूल कार्य घडते. मानवी स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असल्याने शरीराला त्यासाठी ३४० ते ४२० किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. ज्वारीच्या तीन भाकरींत बसणाऱ्या या कामाला ‘सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे’ म्हणणे, हे ते कधीच न करणाऱ्यांनाच शोभते. शिवाय चढाचा सर्वांत अवघड तुकडा सायकलीवरून उतरून, ती हातात धरून चालत पार करण्यात काहीही कमीपणा नाही. तेथे सायकलीचा वेग आणि पायी वेग यांत तसाही फारसा फरक उरत नाही. रस्त्यांचा इतिहासही हेच सुचवतो. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि त्या व्यापारासाठी १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा सुरू झाली. त्या काळी रस्त्याने मालाची ने-आण बैलगाडीने होत असे आणि भरलेली गाडी बैलांना ओढता येईल, एवढाच चढ रस्ता आखणाऱ्याला ठेवता येत असे. जो चढ बैलगाडीला झेपत होता, तो योग्य गिअरच्या सायकलीला न झेपण्याचे कारण नाही.

घाटातील खरा धोका चढताना नव्हे, उतरताना असतो, आणि याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ६ टक्के उतारावर ब्रेक न लावता सोडलेली सायकल ताशी ४० किलोमीटरचा वेग सहज गाठते, आणि चढताना साठवलेली बरीचशी ऊर्जा उतरताना ब्रेकमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास चाकाची कड तापते आणि ब्रेकचे रबर झिजते. म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करावा, पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही वापरावेत आणि मध्ये मध्ये ते सोडून कड थंड होऊ द्यावी. पावसाळ्यात कड ओली असते, दरडीतून सुटलेले दगड वळणावर पडलेले असतात. त्या दिवसांत उतरण्याचा वेग निम्म्यावर आणणे हाच उपाय आहे.

आता महामार्गाच्या सुरक्षिततेविषयी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अपघातविषयक अहवालानुसार त्या वर्षी देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ३६.२ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर आणि २४.३ टक्के राज्य महामार्गांवर झाले. हे दोन्ही मिळून देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीच्या सुमारे ५ टक्केच भरतात. महामार्गांवर वाहने अधिक असतात हे मान्य केले, तरी सायकलस्वाराच्या दृष्टीने निष्कर्ष बदलत नाही, कारण त्याला धोका त्या वाहनांपासून आणि त्यांच्या वेगापासूनच असतो. मलकापूर, नांदुरा आणि खामगाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ हा आंतरराज्य मालवाहतुकीचा मार्ग आहे. तेथे रस्ता सपाट आहे खरा, पण त्या सपाटीचा फायदा सर्वप्रथम ट्रकच्या वेगाला होतो. मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गावर तर सायकलींना प्रवेशच नाही.

यावर ‘मग शांत रस्ते आहेतच कुठे?’ असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर डोंगरातच आहे. लांब पल्ल्याच्या वाहतुकीला घाट ओलांडण्यासाठी मोजक्याच वाटा आहेत : बुलढाणा-मलकापूर मार्गावरचा राजूर घाट, बुलढाणा-खामगाव मार्गावरचा बोथा घाट आणि अशाच काही. वाहने या वाटांवर एकवटतात, आणि उरलेल्या डोंगरकडेच्या, तसेच पठारावरच्या रस्त्यांना केवळ गावागावांतील ये-जा उरते. राजूर घाट पूर्ण शांत नाही. तो पहाटेनंतरच्या पहिल्या उजेडात चढावा, किंवा बुलढाण्यापर्यंत वाहनाने येऊन सफर पठारावरूनच सुरू करावी. रस्ता निवडण्याचे सूत्र सोपे आहे : ज्या रस्त्याने कोणाचाही लांबचा प्रवास जवळचा होत नाही, तो रस्ता शांत असतो.

असा रस्ता ओळखण्याची खूण रस्त्याच्या कडेलाच असते. किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि नारंगी असेल तर ग्रामीण रस्ता समजावा. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगरी प्रदेशातील २५० लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट होते. नारंगी दगड प्रामुख्याने त्याच रस्त्यांवर दिसतात. शाळेची मुले, दूधवाले, दुचाकीस्वार आणि एखादा ट्रॅक्टर याखेरीज तेथे फारसे कोणी भेटत नाही. मात्र ‘नकाशात रेघ आहे म्हणजे रस्ता आहे’ असे मानू नये. ती रेघ अनेकदा पांदण असते, म्हणजे दोन शेतांमधून गाडीबैलासाठी सोडलेली मातीची वाट. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती उत्तम. पण पाऊस पडल्यावर तेथील काळी माती टायरला चिकटून मडगार्ड आणि ब्रेकच्या फटीत थरावर थर चढवते, आणि शंभर पावलांत चाक फिरायचे थांबते. मग काडीने माती खरवडत सायकल खांद्यावर घेण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

शांतता तिथीवरही अवलंबून असते. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेसाठी, १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेड राजाकडे आणि गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगावकडे जाणारे एरवीचे रिकामे रस्तेही वाहनांनी भरून जातात. त्या दिवसांत दुसरी दिशा धरावी.

उरलेल्या गैरसमजांना प्रत्येकी एक-दोन ओळी पुरेशा आहेत.

‘विदर्भ म्हणजे बाराही महिने ऊन.’ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ येथे सायकलीसाठी अनुकूल असतो आणि उंचीमुळे बुलढाण्याचे तापमान खोऱ्यापेक्षा साधारण दोन-अडीच अंशांनी कमी राहते. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी दहानंतर रस्त्यावर राहू नये.

‘ज्ञानगंगा अभयारण्यात वाघ आहे, म्हणून तिकडे जाऊच नये.’ टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला टी१सी१ हा वाघ २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला म्हणून त्याची चर्चा झाली. सायकलस्वाराने जपायचे ते अस्वलाला, आणि त्यासाठी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जंगलातील रस्ता टाळावा व सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरू नये.

‘लोणारला जायचे तर डोंगर चढावा लागतो.’ लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पठारातच खोदले गेलेले आहे, त्यामुळे मेहकरकडून सायकल काठापर्यंत जाते. चढ लागतो तो विवरात पायी उतरून परत येताना.

‘जाड टायर पंक्चर होत नाही.’ बाभळीचा काटा कोणत्याही टायरमध्ये शिरतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हलके फिरवून काट्याचे टोक शोधून काढले नाही, तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, बुलढाण्याच्या डोंगराने सायकलस्वाराची वाट अडवलेली नसून जड वाहतुकीला बाजूला सारून त्याच्यासाठी शेकडो गावरस्ते मोकळे ठेवले आहेत. ते बांधून तयार आहेत, त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च झालेला आहे आणि शाळेत जाणारी मुले ते रोज वापरत आहेत. जिल्हा परिषदेने आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने अशा रस्त्यांच्या चौकांत पुढच्या गावाचे नाव, अंतर आणि चढाची टक्केवारी सांगणारे फलक लावले, तर अत्यल्प खर्चात जिल्ह्याला सायकलमार्गांचे जाळे मिळेल. तोवर निदान एवढे व्हावे की, सायकलीवर निघालेल्या कोणालाही ‘महामार्गाने जा’ असा सल्ला देण्याआधी देणाऱ्याने अपघातांचे आकडे एकदा वाचावेत.