लशीची किंमत कोण ठरवतं?

मुलांनो, सुट्टीत आजी-आजोबांकडे भारतात जायचं ठरलं, की आपल्यापैकी बरेच जण टायफॉइडची लस घेतात. लहानपणीच्या नेहमीच्या लशी आपल्याला कॅनडात फुकट मिळतात, कारण त्यांचा खर्च सरकार करतं. प्रवासाच्या लशींचे पैसे मात्र बहुतेक वेळा आई-बाबांनाच भरावे लागतात. मग कंपनीने वाटेल ती किंमत लावली तर?

नव्या लशीचं पेटंट मिळालं, की अर्ज केल्यापासून २० वर्षं ती दुसऱ्या कुणालाही परवानगीशिवाय बनवता येत नाही. बाजारात एकच भाजीवाला असेल तर भाव तोच ठरवणार ना? १९८७ साली कॅनडाच्या संसदेने पेटंटचा कायदा बदलून औषध कंपन्यांच्या मक्तेदारीला जास्त संरक्षण दिलं. पण त्याच वेळी किमतींवर नजर ठेवायला एक मंडळही नेमलं. हे मंडळ पेटंट असलेल्या औषधांची आणि लशींची किंमत इतर देशांतल्या किमतींशी ताडून पाहतं. ती अवाजवी ठरली, तर सुनावणी घेऊन ते किंमत उतरवायला लावू शकतं, जादा मिळवलेले पैसे सरकारजमाही करायला लावू शकतं.

मात्र हे मंडळ फक्त कंपनीची किंमत तपासतं. औषधाच्या दुकानाचा नफा आणि दवाखान्याची फी त्याच्या हातात नाही. म्हणून आई-बाबांनो, लस घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी चौकशी जरूर करा.

शब्दार्थ : मक्तेदारी – एखादी वस्तू एकट्यानेच विकण्याचा हक्क. अवाजवी – योग्य नसलेली, फार जास्त.