कंप्यूघर : ऐकून घेणारी खोली

मध्य दिल्लीत लोकनायक जयप्रकाश रुग्णालयाच्या शेजारी एक वस्ती. रुग्णालयाच्या नावावरून तिला एलएनजेपी कॉलनी म्हणत. मे २००१ मध्ये तिथल्या एका लहानशा खोलीत तीन संगणक आले आणि खोलीचं नाव पडलं ‘कंप्यूघर’. येणारी मुलंमुली साधारण पंधरा ते चोवीस वर्षांची. बऱ्याच जणांची शाळा मधेच सुटलेली. मुलींना तर रोज घराबाहेर पडण्यासाठी काही ना काही कारण सांगावं लागे. ‘कंप्यूटर शिकायला जाते’ हे कारण घरच्यांना पटण्यासारखं होतं. खोलीत गेल्यावर मात्र संगणकाइतकंच, किंबहुना जास्त, काम वहीचं आणि कानांचं असे.

हा खटाटोप दोन संस्थांचा. ‘अंकुर’ १९८३ पासून दिल्लीच्या कष्टकरी वस्त्यांत शिक्षणाच्या वेगळ्या वाटा शोधत होती. ‘सराय’ ही राजपूर रोडवरच्या ‘सीएसडीएस’ या संशोधन केंद्रातली तेव्हाची नवी शाखा, शहर आणि माध्यमं यांचा अभ्यास करणारी. एकीला वस्ती ठाऊक, दुसरीला यंत्रं. दोघींनी मिळून चालवलेल्या उपक्रमाचं नाव ‘सायबरमोहल्ला’. मोहल्ला म्हणजे आपली आळी. भांड्याला भांडं लागलं तरी शेजारी कळतं, अशी जागा. संगणकाच्या जगालाही ही शेजाराची सवय लावता येईल का, असा प्रश्न त्या नावातच होता. पुढे दक्षिणपुरी या आणीबाणीच्या काळातल्या पुनर्वसन वसाहतीत आणि यमुनाकाठच्या नांगला माची या वस्तीतही अशा खोल्या उघडल्या.

त्याच सुमारास आपल्याकडे गावोगावी ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग सुरू होत होते. प्रमाणपत्र मिळालं की नोकरीच्या अर्जाला जोडायचं, हा साधा हिशेब होता आणि तो चुकीचाही नव्हता. कंप्यूघराचा हिशेब निराळा होता. इथे परीक्षा नव्हती, इयत्ता नव्हती. संगणकांवर लिनक्स आणि चित्रांवर काम करण्यासाठी ‘गिंप’, म्हणजे ज्यांच्या परवान्याला पैसे पडत नाहीत आणि ज्यांच्या प्रती काढून वाटणं हा गुन्हा ठरत नाही अशी मुक्त प्रणाली. सोबत आवाज टिपायला डिक्टाफोन आणि साधे कॅमेरे. कमी पैशांत भागावं हा एक भाग झालाच, पण ज्या गोष्टीत हात घालायचा ती कुणाच्या कुलपात नसावी, हाही आग्रह होता.

रोजचा क्रम साधा. कुणी तरी एखादा विषय काढायचा. एखादा शब्द, एखादी जागा, कालची एखादी घटना. प्रत्येकाने आपापलं लिहायचं. मग गोल करून बसायचं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि ऐकताना आपल्याला काय आठवलं, कुठे अडलं, ते सांगायचं. त्यातून दुसऱ्या दिवशीचं लिखाण निघायचं. सोबत बसणाऱ्या मोठ्यांचं काम शुद्धलेखन तपासण्याचं नव्हतं. ‘गल्लीत गर्दी होती’ असं कुणी लिहिलं, तर त्या गर्दीत कोण होतं, कुणाच्या हातात काय होतं, आपण स्वतः कुठे उभे होतो, हे विचारत राहण्याचं होतं. शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. इथे ते नसायचं, म्हणून सांगणाऱ्याला भाव यायचा.

यंत्रंही याच कामाला जुंपलेली. डिक्टाफोन घेऊन आपल्याच गल्लीतून चालत जायचं आणि परत येऊन टिपलेलं ऐकायचं. रोजच्या सवयीने कान ज्या आवाजांवरून घसरतो, ते यंत्र गाळत नाही. मग लिहिताना आधी न सुचलेलं सुचतं. फोटो पडद्यावर घेऊन कापायचा, जोडायचा, त्याखाली चार ओळी टंकायच्या. यातूनच ‘इबारत’ नावाचं हिंदी भित्तिपत्र निघालं. इबारत म्हणजे लिहिलेला मजकूर. ते वस्तीत लागायचं, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलंय तेच पहिले वाचक. चूक लिहिलं तर दारात येऊन जाब विचारणारे. २००२ मध्ये या मुलांच्या डायऱ्यांमधून ‘गलियों से’ हे पुस्तक आलं.

वस्तीतून लेखक निघणं आपल्याला नवं नाही. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरात राहून कथा-कादंबऱ्या लिहिल्या. पण अण्णा भाऊंसारखी प्रतिभा लाखांत एक. कंप्यूघराला असे हिरे शोधायचे नव्हते. ज्याला आपल्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही, त्याचं रोज कुणी तरी मन लावून ऐकलं तर तो काय लिहील, हे पाहायचं होतं.

२००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर नांगला माचीवर बुलडोझर आले. तोवर तिथल्या तरुणांचे हात वहीला सरावले होते. नोटीस, पाहणी, अफवा, सामानाची बांधाबांध, अर्धं पाडलेलं घर, हे सगळं ते जिथल्या तिथे टिपत राहिले. बातमीदार तोडफोडीच्या दिवशी येतो. ही मुलं आदल्या वर्षीही तिथेच होती, त्यामुळे नेमकं काय मोडतंय हे त्यांना माहीत होतं. या लिखाणासह तिन्ही खोल्यांतल्या वीस जणांचं ‘बहुरूपिया शहर’ २००७ मध्ये हिंदीत आलं. अझरा तबस्सुम, शमशेर अली, लखमीचंद कोहली ही त्यातली काही नावं. श्वेता सरदा यांचा इंग्रजी अनुवाद ‘ट्रिक्स्टर सिटी’ २०१० मध्ये पेंग्विनने काढला. नाव चपखल आहे. आपल्याकडे बहुरूपी दारात येतो, कधी पोलीस तर कधी देव होऊन. या पुस्तकातलं शहरही तसंच रोज वेगळ्या वेषात दाराशी उभं राहतं.

नांगलातली काही कुटुंबं शहराच्या वायव्य टोकाला, सावदा घेवरा इथे गेली. तिथे उभारण्यासाठी फ्रँकफर्टच्या निकोलाउस हिर्श आणि मिशेल म्युलर या वास्तुरचनाकारांनी ‘सायबरमोहल्ला हब’ची रचना केली. तिचं रूप २००८ मध्ये इटलीतल्या बोल्झानोत ‘मॅनिफेस्टा’ कलाप्रदर्शनात मांडलं गेलं. कलाजगताने कौतुक केलं, ते योग्यच. पण पोटापाण्याचं काय, हा प्रश्न वस्तीतून येत राहणार. कंप्यूघराने नोकरी लावून देण्याचं वचन कधी दिलं नव्हतं. ज्या घरात महिनाअखेरीची ओढाताण आहे, त्या घराला हे उत्तर पुरेलच असं नाही, आणि कुणी त्यामुळे खोली सोडली तर त्याला दोष देता येत नाही.

घेवऱ्यात जागा मिळण्याचा नियम कागदाचा होता. १९९० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर अठरा चौरस मीटर, त्यानंतरचा पण १९९८ पर्यंतचा असेल तर साडेबारा. वर सात हजार रुपये भरायचे. पुरावाच नसेल तर काही नाही. कुणाचा ठेला कुठल्या वळणावर होता, कुणाच्या दाराशी संध्याकाळी बायका बसत, हे कंप्यूघराच्या वह्यांत तारीखवार लिहिलेलं होतं. त्या वह्या पुरावा म्हणून कुठल्याही खिडकीवर चालणार नव्हत्या. चालणाऱ्या शिधापत्रिकेत मात्र ठेला नव्हता, ते वळणही नव्हतं.