ऊन गच्चीवर, वारा पठारावर

बजाजनगरातल्या कुठल्याही तीन-चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की वर्षाचे दोन स्वभाव अंगाला कळतात. वैशाखात पायाखालची फरशी भाजते आणि आषाढात दोरीवरचे कपडे चिमट्यांसकट उडतात. त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत सोलरचा विषय निघाला की कुणीतरी विचारतेच, “मग शेजारी एक छोटी पवनचक्की का नको? उन्हाळ्यात सूर्य, पावसाळ्यात वारा. दिवसा हे, रात्री ते.” विक्रेतेही ‘हायब्रीड’ नावाने अशी जोडी दाखवतात. देखभाल निधीतले पैसे त्यात घालायचे की नाही, हे ठरवण्याआधी या जोडीचा हिशेब नीट मांडून पाहायला हवा.

कल्पनेत मुळात खोट नाही. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची खरी सुगी जून ते सप्टेंबर, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे महिने. नेमके त्याच दिवसांत ढगांमुळे सौर पॅनेल मंदावतात. केंद्र सरकारने मे २०१८मध्ये पवन-सौर संकरित धोरण आणले, ते याच पूरकपणावर. त्याच्याही आधी ‘महाऊर्जा’ने, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने, छोट्या संकरित संचांना अनुदान दिले आणि अशा संचांत आपले राज्य देशात पुढे राहिले. जिथे विजेची तार पोचत नाही तिथे या जोडीला तोड नाही. चार दिवस आभाळ भरले तरी वारा बॅटरी भरत राहतो, म्हणून मोठी, महागडी बॅटरी बसवावी लागत नाही.

बजाजनगरात मात्र तार आहे. आणि मुख्य अडचण तिची नाही, वाऱ्याच्या गणिताची आहे.

सूर्यप्रकाश निम्मा झाला तर पॅनेलची वीज साधारण निम्मी होते. वाऱ्याचे तसे नाही. त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. अडीच मीटर व्यासाची, १ किलोवॉटची म्हणून विकली जाणारी चक्की घ्या. तो १ किलोवॉट सेकंदाला ११ मीटर वेगाचा, म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वारा धरून सांगितलेला असतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ साली दाखवून दिले की वाऱ्यातली ५९ टक्क्यांहून जास्त शक्ती कोणतीच चक्की काढून घेऊ शकत नाही. छोट्या चक्कीला तीस टक्के मिळाली तरी ती बरी म्हणायची. त्या दराने सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात, ज्याला आपण ‘छान वारा सुटलाय’ म्हणतो, ही चक्की वीसेक वॉट देईल. घरातला जुना छताचा पंखा यापेक्षा तिप्पट-चौपट वीज खातो. आपली वीज विकत घेऊन फिरणारा पंखा जेवढा वारा घालतो, तेवढाही वारा गच्चीवरची चक्की फुकटात आपल्याला परत करत नाही, असे गमतीने म्हणता येईल.

सलग चोवीस तास ६ मीटरचा वारा वाहिला तर हीच चक्की दिवसाला ४ युनिट देईल. महाराष्ट्रात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला तेवढेच देतात, जवळपास शंभर चौरस फूट जागेत आणि एकही फिरता भाग न ठेवता. असा अखंड वारा इथल्या गच्चीवर आषाढातही मिळत नाही. दिवाळीनंतर तर नावच नको.

कपडे उडतात, मग वारा कमी कसा? तर तो वारा नव्हे, झोत. भिंतीवर आदळून वर उसळलेली हवा कठड्यापाशी भोवरे घालते. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, शेजारच्या इमारतीवरचे पत्रे त्यात भर घालतात. पाती दिशा बदलत राहतात, कापतात, थांबतात. जाणकारांचा ठोकताळा असा की दीडशे मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्याहून पाती निदान ९ मीटर वर हवीत. तेवढा खांब गच्चीवर रोवला तर त्याचा हादरा स्लॅबमधून थेट वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या उशाशी जातो. उभ्या अक्षाच्या चक्क्या कुठूनही आलेला वारा घेतात हे खरे, पण वाराच थोडा असेल तर त्या घेणार काय?

हे प्रयोग जगात होऊन गेले आहेत. ब्रिटनमध्ये इमारतींवरच्या २६ छोट्या चक्क्या मोजमापासाठी निवडल्या होत्या. २००९च्या ‘वॉरविक विंड ट्रायल्स’ अहवालात त्यांनी क्षमतेच्या एक टक्काही वीज दिली नव्हती. बंद असलेला काळ वगळला तरी आकडा चारेक टक्के. आपल्याकडे साधे सौर पॅनेल सोळा-सतरा टक्के देते. लंडनची ‘स्ट्राटा’ ही २०१० सालची उत्तुंग इमारत माथ्यावर तीन चक्क्या घेऊन उभी राहिली, आणि त्या बहुधा स्तब्ध असतात म्हणून प्रसिद्ध झाली. बहारीनच्या व्यापार केंद्राचे दोन मनोरे वेगळे. समुद्राचा वारा मधल्या फटीतून दाबून जावा अशीच त्यांची घडण आहे, आणि चक्क्या प्रत्येकी २२५ किलोवॉटच्या. म्हणजे तिथे आधी वारा पाहिला, मग इमारत बांधली.

ज्या कारखान्यामुळे बजाजनगराला नाव मिळाले, त्या बजाज ऑटोने स्वतः काय केले? वाळूजचा कारखाना १९८५चा. कंपनीने पवनचक्क्या उभारल्या, पण वाळूजच्या छपरांवर नव्हे. सातारा जिल्ह्यात, वनकुसवडेच्या पठारावर. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आणि मोसमी वाऱ्याच्या थेट वाटेवर असलेली ती जागा. तिथला वारा विजेच्या रूपाने जाळ्यात मिसळतो.

आपल्या शहराला ही रीत नवी नाही. पाणचक्कीचे जाते ज्या पाण्यावर फिरत असे, ते दर्ग्याच्या आवारात सापडलेले नव्हते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळांनी आणून, उंचावर चढवून तिथे पाडले होते. शक्ती जिथे आहे तिथून ती आणायची, ही समज त्या कारागिरांना होती. आज नळांच्या जागी तारा आहेत एवढेच.

तारेचा दुसरा उपयोग नेट मीटरिंगचा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१५चे नियम छतावरच्या सौर संचांपुरते होते; २०१९च्या नियमांच्या नावात ‘सौर’ जाऊन ‘नवीकरणीय’ आले. कागदोपत्री चक्कीला दार उघडले, ते योग्यच झाले. पण घरगुती ग्राहकाला उन्हाळ्यातले जादा युनिट त्या आर्थिक वर्षात पुढच्या बिलांत वळते करता येत असतील, तर पावसाळी वाऱ्याकडून जे काम हवे होते त्यातले बरेचसे महावितरणचे मीटरच करते. फेब्रुवारी २०२४च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतले अनुदानही सौर संचालाच आहे. घराला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये.

एक तांत्रिक गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहीत. पॅनेल एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात. एकावर सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांनाही त्याचा फटका बसू शकतो. दक्षिण बाजूला चक्की उभी केली तर खांबाची स्थिर आणि पात्यांची फिरती सावली दिवसभर याच पॅनेलवरून सरकणार.

ज्यांना तरीही चक्की हवी आहे, त्यांनी वाऱ्याचा वेग नोंदणारा मापक त्याच उंचीवर वर्षभर लावावा. नुसत्या आषाढातल्या नोंदी पुरणार नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे आकडेही त्यात हवेत. तोवर टाक्या उत्तरेकडे सरकवून पॅनेलसाठी दक्षिणेची जागा मोकळी करता येईल. प्लंबरचा एक दिवस त्याला पुरतो.