बेसवाला कुणालाच सापडत नाही

पारोळ्याहून बोलतोय. लग्नसराई सुरू आहे, त्यामुळे मागे बँडची गाडी ऐकू आली तर हेडफोन तपासत बसू नका, आवाज आमच्या गल्लीतलाच आहे. दोनदा रेकॉर्डिंग थांबवलं, तिसऱ्यांदा म्हटलं जाऊ दे, आजच्या विषयाला शोभतंय.

विषय आहे 'मेटल लॉर्ड्स'. 2022 च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आलेला पिक्चर. दिग्दर्शक पीटर सोलेट, आणि लिहिलाय डी. बी. वाइस यांनी, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जोडीतले एक. गोष्ट साधी आहे. हंटर आणि केविन ही शाळकरी पोरं. हंटरच्या डोक्यात हेवी मेटलशिवाय काही नाही. केविन शाळेच्या बँडपथकात गळ्यात ड्रम अडकवून वाजवतो, त्याला हंटर धरून मेटलचा ड्रमर बनवतो. शाळेतली बँडची स्पर्धा जिंकायची, एवढंच ध्येय. बँडचं नाव मी इथे सांगणार नाही, कारण हा ब्लॉग माझी आत्यापण वाचते.

आता मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं गाव. 1965 साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो नेमका उजवा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. तरी दुखायचं, म्हणून पातळ तारा लावल्या, त्यासाठी बँजोच्या तारासुद्धा वापरल्या. पुढे तारा ढिल्या करून सूर खाली आणला. तारा ढिल्या झाल्या की आवाज जड होतो, खालून येतो. 1970 मध्ये त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' बँडचा पहिला अल्बम आला आणि तिथून मेटल सुरू झालं, असं बहुतेक जण मानतात. केविन ज्या गाण्यावर घाम गाळतो ते 'वॉर पिग्ज' याच बँडचं.

मेटलच्या ड्रमरचा खरा खेळ पायात असतो. साध्या रॉकमध्ये मोठ्या ड्रमवर उजवा पाय पडतो, डावा झांजेच्या पेडलवर असतो. मेटलमध्ये दोन्ही पाय एकाआड एक मोठ्या ड्रमवर, मशीनगनसारखे. गळ्यात ड्रम अडकवून वाजवणाऱ्याचे हात तयार असतात, पाय मात्र नुसते चालत असतात. वरातीत आपले बँडवाले चार चार तास चालत वाजवतात, त्यांना खुर्चीवर बसवून पाय हलवायला सांगा. मी बसून बघितलंय. पोटऱ्या दोन दिवस बोलत नव्हत्या.

बरं, या दोघांकडे बेस गिटारवाला नाही. हे मात्र शंभर टक्के खरं दाखवलंय! गिटार सगळ्यांना पाहिजे, बेस कुणालाच नको. मग येते एमिली. बँडपथकात क्लॅरिनेट वाजवताना संतापून सगळं डोक्यावर घेणारी ही पोरगी, चेलो मात्र जबरदस्त वाजवते. हंटर म्हणतो, चेलो मेटल नाही. चुकतोय गडी. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झला वाजते, गिटारची 82 ला. म्हणजे चेलो गिटारपेक्षा खाली उतरतो. फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'ने 1996 मध्ये चार चेलोंवर मेटालिकाची गाणी वाजवून अख्खा अल्बम काढला होता.

आपल्याकडे कोण हे करतं, असं विचाराल. मुंबईत साहिल मखिजाने 2000 साली 'डिमॉनिक रिझरेक्शन' सुरू केला, तो बँड 2014 मध्ये जर्मनीच्या वाकेनला, म्हणजे मेटलच्या पंढरीला वाजवून आला. हाच साहिल यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. मुंबईचाच एक बँड आहे, नाव 'भयानक मौत'. पण मुंबई ती मुंबई. मला जास्त जवळच्या वाटतात इंडोनेशियातल्या गरूतच्या तीन पोरी, 'व्हॉइस ऑफ बासेप्रोट'. 2014 मध्ये गावातल्या मदरशात शिकताना बँड काढला, हिजाब घालून मेटल वाजवतात. तिथल्या सुंडानी भाषेत बासेप्रोट म्हणजे बडबड, गोंगाट. 2024 मध्ये त्या ग्लास्टनबरीला वाजवून आल्या. गावाकडून झालंय, एवढंच सांगायचं होतं.

पिक्चर काही महान नाही. मधला भाग रेंगाळतो, हंटरचा बाप कागदीच वाटतो. पण एक सीन आहे. केविन गरम पाण्याच्या टबात एका मुलीसोबत बसलाय, पाय घसरायची वेळ आलीय, आणि समोर मेटलचे देव प्रकट होतात. खरेच! रॉब हॅलफर्ड, कर्क हॅमेट, स्कॉट इयन, टॉम मोरेलो. आपल्याकडे अशा वेळी आजोबा स्वप्नात येतात. मी हसून हसून मोबाईल पाडला.

आणि जिथे हसलो नाही ते सांगतो. केविन हंटरला टांगून दुसऱ्या, गुळगुळीत गाणी वाजवणाऱ्या बँडबरोबर ड्रमवर बसतो. अकरावीत माझा एक दोस्त गिटार वाजवायचा, मी ऑक्टोपॅड. गॅदरिंगला त्याने आम्हा दोघांचं नाव दिलं. त्याच संध्याकाळी मला लग्नाची सुपारी आली, पाचशे रुपये आणि जेवण. मी धरणगावच्या वरातीत गेलो. त्याला सांगितलं पण नाही. तो स्टेजवर एकटा उभा राहिला, मोबाईलवर ड्रम लावून, आणि दुसऱ्या कडव्यात मोबाईलला कॉल आला. अख्खं कॉलेज हसलं. कॉल माझा होता. येत नाही म्हणून सांगायला केला होता, उशिरा.

त्यानंतर आम्ही भेटलो की 'काय चाललंय', 'काही नाही' एवढंच. आता तो पुण्यात असतो, गिटार आहे की विकली ठाऊक नाही. या एपिसोडची लिंक काल रात्रीच त्याला पाठवली, लोकांआधी. सकाळपर्यंत एकच टिक होती. आत्ता बघितलं तर दोन झाल्यात, निळ्या नाहीत अजून.

चला, मागे गाडी पुढे सरकली वाटतं. रेकॉर्डिंग बंद करतो.