विश्लेषण : एकाच डिझाइनवर दहा जणांचे कर्सर, मग टिकतो कोणाचा बदल?

‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’... अशा नावांच्या फाइल ई-मेलवरून फिरवण्याचा त्रास डिझाइन करणाऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. फिग्मासारख्या साधनांनी ही फिरवाफिरवी बरीच कमी केली. फाइल एकच, ती ब्राउझरमध्ये उघडायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी तिच्यावर काम करायचे. पण दोघांनी एकाच क्षणी एकच चौकोन बदलला तर?

फिग्मा आली कुठून?

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात भेटलेल्या डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी २०१२ मध्ये ही कंपनी सुरू केली. वेबजीएल तंत्रामुळे ब्राउझरला संगणकाचा ग्राफिक्स प्रोसेसर वापरता येतो. त्याच जोरावर २०१६ मध्ये फिग्मा सर्वांसाठी खुली झाली.

वाद कसा सुटतो?

वॉलेस यांनी २०१९ मध्ये ही रचना जाहीरपणे समजावून सांगितली. फिग्माच्या लेखी डिझाइन म्हणजे वस्तू आणि त्यांचे गुणधर्म : रंग, रुंदी, जागा वगैरे. एकाने चौकोनाचा रंग बदलला आणि दुसऱ्याने रुंदी, तर दोन्ही बदल राहतात. दोघांनीही रंगच बदलला, तर सर्व्हरकडे शेवटी पोहोचलेला रंग टिकतो.

गंमत मजकुराची आहे. या रचनेत चौकटीतला सगळा मजकूर हा एकच गुणधर्म. समजा, तिथे ‘सभा’ लिहिले आहे. एकाने ‘आमसभा’ केले, त्याच वेळी दुसऱ्याने ‘सभागृह’. उरणार दोहोंपैकी एकच. ‘आमसभागृह’ कधीच नाही. ढोबळ वाटते खरे, पण इतरांचे कर्सर समोर हलताना दिसत असल्याने माणसे आपणहून एकमेकांच्या वाटेतून बाजूला होतात.

खरा धोका रेंज गेल्यावर. कसारा घाटात, गाडीत बसून कुणी बटणाचा रंग बदलला. तेवढ्यात मुंबईतल्या सहकाऱ्याने ग्राहकाला विचारून तोच रंग पक्का केला. इगतपुरीला नेट आले की फाइलची ताजी प्रत उतरते आणि घाटातला बदल तिच्यावर चढतो. म्हणजे जुना निर्णय नव्यावर मात करतो! अशा वेळी ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडून मागची स्थिती परत आणता येते. मात्र आधी कुणाच्या तरी ते लक्षात यायला हवे.

अडोबीला ती का हवी होती?

फोटोशॉपवाल्या अडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरना फिग्मा विकत घेण्याची घोषणा केली. स्पर्धा संपेल, असा आक्षेप युरोपीय महासंघ आणि ब्रिटनच्या नियामकांनी घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये व्यवहार मोडला आणि ठरल्याप्रमाणे अडोबीला फिग्माला १ अब्ज डॉलर मोजावे लागले. जुलै २०२५ मध्ये फिग्मा न्यूयॉर्क शेअर बाजारात स्वतंत्रपणे उतरली.